विम्याची शिल्लक जाते कुठे?

शेतकरी बंधूंनो, २०२० च्या खरिपात बीड जिल्ह्यात पीकविम्याला कंपनी मिळेना. तेव्हा सरकारी कृषी विमा कंपनीला घेऊन जो हिशेब ठरला तो 'बीड पॅटर्न'. २०२२ पासून तो राज्यभर आला.

जमा हप्ता १०० रुपये धरा. भरपाई १३० निघाली, तर कंपनी ११० देणार, वरचे २० राज्य सरकार. भरपाई ६० च निघाली, तर कंपनीने २० ठेवायचे आणि २० परत करायचे. कोणाला? राज्याच्या तिजोरीला. कंपनीच्या नफ्याला वेसण बसली हे चांगलंच झालं, आणि हप्त्यात मोठा वाटा सरकारचा असतो हेही खरं. १ रुपयात विमा होता तोवर बोलायला आपल्याला तोंडही नव्हतं.

पण २०२५ च्या खरिपात तो १ रुपया गेला. खरिपाला २ टक्के, नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत पदरचे मोजावे लागले. मग चांगल्या सालच्या शिलकीतून पुढचा हप्ता हलका का होऊ नये? ग्रामसभेने तसा ठराव जरूर करावा.

शिल्लक किती, हे मात्र ठरतं पीककापणी प्रयोगात. उत्पन्न जास्त दिसलं की भरपाई घटली! तेव्हा प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी, हे गावच्या अधिकाऱ्यांनी आधी चावडीवर लावावं, अन् तुम्ही त्या दिवशी बांधावर हजर राहावं.