पहाटे चार वाजताचे गुण

चित्रपट पाहून आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, "कसा होता?" शहाणा माणूस त्याचे उत्तर तीन शब्दांत देतो : "बरा होता, पाहा." त्याहून अधिक बोलायचे म्हणजे एक तर भांडण ओढवून घ्यायचे, नाही तर सदर लिहायचे. आम्ही दुसरा मार्ग पत्करला आहे, आणि त्यामुळे पहिलाही अधूनमधून वाट्याला येतोच.

हल्ली चित्रपटांना तारे देण्याची रीत आहे. पाचांपैकी साडेतीन तारे म्हणजे उत्तम, दोन म्हणजे घरी बसा. ही रीत शहरात शोभत असेल. सिंदेवाहीत उन्हाळ्याच्या रात्री अंगणात खाट टाकली की वर हवे तेवढे तारे फुकट दिसतात. त्यांतले साडेतीन कुणाला वेगळे काढून दिले, तर त्याला त्याचे काय अप्रूप वाटणार? म्हणून या खेपेला आम्ही आमच्या मुलखाचेच माप काढले आहे.

ते माप असे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान हाती येऊ लागले, की गावोगाव मंडई भरते, शंकरपटात बैल धावतात आणि रात्री नाटक होते. नाटक कंपन्यांचे मोठे ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. सिंदेवाहीहून गोंदियाच्या गाडीत बसले की नागभीड आणि ब्रह्मपुरी ओलांडून वडसा येते. या नाटकांचा पडदा रात्री उशिरा वर जातो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. समोरचा प्रेक्षक दिवसभर शेतात राबून आलेला असतो. अंगावर घोंगडी, मांडीवर झोपलेले मूल, आणि तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातले. त्याला नाटक आवडले नाही तर तो अग्रलेख लिहीत नाही. तो घोंगडी डोक्यावरून ओढून घेतो. पहाटे चार वाजता किती घोंगड्या डोक्याच्या खाली आहेत, ते मोजले की नाटकाची परीक्षा झाली. याच रंगभूमीवर उभा जन्म घातलेल्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आम्हाला वाटते, त्यात त्या जागणाऱ्या घोंगड्यांचाही थोडा वाटा होता.

तेव्हा आमची गुणपत्रिका दहा गुणांची. गोष्टीला चार, माणसांना तीन, भाषेला दोन आणि जागरणाला एक. परीक्षक म्हणजे आमच्या ओसरीवर टीव्हीपुढे जमलेली शेजारची मंडळी. आणि चित्रपट असे निवडले, की ज्यांत आमचे किंवा आमच्यासारखे रान आहे. इतरांच्या कपाशीला भाव सांगण्यापेक्षा आपल्या धानाला सांगितलेला बरा.

पहिला 'डॉ. प्रकाश बाबा आमटे'. २०१४ साली आलेला, समृद्धी पोरे यांनी दिग्दर्शित केलेला. हेमलकसा आमच्यापासून दूर, पार भामरागडच्या टोकाला. पण नाव सगळ्यांना ठाऊक. १९७३ च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा रस्ता नव्हता की वीज नव्हती. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी आमटे पतिपत्नींचा साधेपणा न आरडता-ओरडता उभा केला आहे. डोळे भरून येतात आणि त्यात खोटे काही नाही. मात्र माडिया माणसे बहुतेक वेळ खाटेवर आणि डॉक्टर खाटेशेजारी. बरा झालेला माडिया घरी जाऊन काय म्हणाला, हे ऐकायची आमच्या ओसरीला इच्छा होती. ती पुरी झाली नाही. गोष्ट तीन, माणसे एक, भाषा एक, जागरण एक. एकूण सहा.

दुसरा अमित मसूरकरांचा 'न्यूटन', २०१७ चा. हिंदी चित्रपट, रान शेजारच्या छत्तीसगडचे. शहात्तर मतदारांचे मत घ्यायला एक हट्टी कारकून जंगलात जातो, एवढीच गोष्ट. राजकुमार राव यांचा हा कारकून नियमाला इतका चिकटलेला, की त्याचे हसू येते आणि थोड्या वेळाने स्वतःची लाज वाटते. भारताने तो ऑस्करसाठी पाठवला होता. पण आमच्या ओसरीला तो पटायला ऑस्करची गरज नव्हती. सिंदेवाही तालुका लोकसभेच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात येतो, आणि दक्षिणेकडच्या केंद्रांवर पेट्या व माणसे हेलिकॉप्टरने पोचवावी लागतात हे इथे लहान मुलांनाही माहीत आहे. चित्रपटातला सर्वांत मोठा विनोद भाषेचा आहे. मत कुणाला द्यायचे, का द्यायचे, हे साहेब हिंदीत समजावतात आणि ऐकणारे गोंडी बोलणारे. मध्ये दुभाषी अंजली पाटील यांची मास्तरीण, तिच्या चेहऱ्यावर सगळे उमटते. एक निवृत्त गृहस्थ, ज्यांनी पुष्कळ निवडणुकांची कामे केली, ते हसले नाहीत. "हे असंच असते," एवढेच म्हणाले. दुसरे एक गृहस्थ मध्यंतरापूर्वीच घोरू लागले, म्हणून जागरणाचा गुण गेला. गोष्ट चार, माणसे दोन, भाषा दोन. एकूण आठ.

तिसरा 'शेरनी', मसूरकरांचाच, २०२१ चा. इथे मात्र ओसरीवरचे हसणे थांबले. यवतमाळ जिल्ह्यातली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारली गेली, त्या प्रकरणाची आठवण हा चित्रपट पाहताना झाल्यावाचून राहत नाही. विद्या बालन यांची वनाधिकारी वाघिणीला वाचवू पाहते. शिकाऱ्याला फोटो हवा असतो, पुढाऱ्याला मते हवी असतात. चित्रपट एक खरी गोष्ट नेमकी सांगतो : चराईच्या जागेवर सागाची लागवड झाली, म्हणून गुरे आणि माणसे आत रानात गेली, आणि वाघिणीच्या वाटेवर खाण खोदली, म्हणून तिला पुढे जाता आले नाही. दोघांचीही वाट तिसऱ्यानेच अडवली. इतके सरळ कारण आम्ही दुसऱ्या चित्रपटात पाहिले नाही.

तरीही संपल्यावर एक म्हातारी आजी बोलली, ती बोलली म्हणून हा लेख लिहावासा वाटला. "वाघ दिसला बापा, सायेब दिसले. पन ज्या बाईले नेलं, तिच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कोनं पेटवली, थे नाही दाखवलं."

यावर बोलण्यासारखे कुणापाशी काही नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्या. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा. भल्या पहाटे रानात जायचे, पाने तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचे. त्या पैशांवर पावसाळ्याआधीची पुष्कळ कामे अडलेली असतात. म्हणून वाघ आहे हे ठाऊक असूनही माणसे जातात, आणि दुसऱ्या वर्षीही जातात. ही गोष्ट अजून कुणी पडद्यावर आणलेली आमच्या पाहण्यात नाही. 'शेरनी'ला गोष्टीचे चार, माणसांचे दोन, भाषेचे शून्य आणि जागरणाचा एक. एकूण सात.

चौथा 'झॉलीवूड', २०२२ चा, तृषांत इंगळे यांचा. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचाच चित्रपट, आणि कामे करणारे बरेचसे त्याच रंगभूमीवरचे. मंडळी खुशीत येऊन बसली. अमका नट ओळखला, तमका तंबू ओळखला, "अगा, हा तर आपल्या मंडईत आला होता!" अशी पडद्यापेक्षा ओसरीवरच जास्त रंगत आली. बोली कानाला आपली लागली, तोंडात पुण्याची शुद्ध मराठी कोंबलेली नव्हती. पण खरे नाटक दर हिवाळ्यात दाराशी येत असताना नाटकावरचा चित्रपट पाहणे म्हणजे घरी मोहाचे झाड असताना त्याचा फोटो भिंतीला लावणे, असे एका काकाजींचे मत पडले. गोष्ट दोन, माणसे तीन, भाषा दोन, जागरण शून्य. एकूण सात.

शेवटचा 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा चित्रपट २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात गेला, तिथे त्याला नेटपॅक पारितोषिक मिळाले, आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. गाव चंद्रपूर जिल्ह्यातले डोंगरगाव, आणि पडद्यावर दिसणारी माणसे त्याच मुलखातली. सविता नावाची मुलगी. तिला शिकायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. बापाला तिचे लग्न उरकायचे आहे आणि त्याच्या कापसाला भाव नाही. पाहुणे येतात, पोहे खातात, विचारतात : नाव काय, उंची किती, शिक्षण काय. ती आत गेली की रंगाची चर्चा करतात. पुन्हा दुसरे पाहुणे. पुन्हा तेच प्रश्न, तोच क्रम. प्रत्येक वेळी तोच प्रसंग, पण प्रत्येक वेळी तो जरा अधिक जड होतो. नंदिनी चिकटे या मुलीने हे काम केले आहे, की केलेच नाही, तेच कळत नाही. आरंभी सविताला स्वप्न पडते, त्यात बायका जमून मुलाला पाहतात. ओसरीवरच्या बायका त्याला इतक्या हसल्या, की पुढचे दोन संवाद ऐकू आले नाहीत. नंतर त्या हसल्या नाहीत. शेवट सांगत नाही. तो ज्याचा त्याने पाहावा.

आमच्याकडे कापूस नाही, धान आहे. एवढाच काय तो फरक. ओसरीवरचे एक गृहस्थ चित्रपट चालू असताना तीनदा पाणी प्यायला उठले. मागाहून कळले, आदल्याच आठवड्यात ते पुतण्यासाठी मुलगी पाहून आले होते आणि रंगावरून नकार कळवला होता. बायकांपैकी एकही जागची हलली नाही. म्हणून गोष्ट चार, माणसे तीन, भाषा दोन आणि जागरणाचा अर्धा गुण. एकूण साडेनऊ.

या पाच चित्रपटांची पत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या रानावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, आणि ते प्रेम खरेही आहे. पण बाहेरच्याच्या डोळ्यांनी पाहिले की इथले माणूस कधी रोगी होते, कधी मतदार होते, कधी वाघाचे भक्ष्य होते. इथल्याच माणसाने यंत्र हाती घेतले तेव्हा त्याला सर्वांत मोठे संकट रानात दिसले नाही. ते घराच्या पुढल्या खोलीत, पोह्यांच्या बशीशेजारी बसलेले दिसले. हे बाहेरच्याला सुचले नसते.

राहिला तो हातचा अर्धा गुण. तो आम्ही जपून ठेवला आहे. तेंदूच्या पानांचे पुडे बांधणाऱ्या घरातली कुणी पोर उद्या हातात कॅमेरा घेईल, आणि दुसऱ्या दिवशी चूल कुणी पेटवली ते दाखवील, त्या दिवशी तो द्यायचा. आजी त्या वेळी असतील तर त्याच देतील.

तोवर मंडईचे दिवस आहेत. घोंगडी काढून ठेवा.