परीकथेतही कातडीच पाहायची?

आपल्या घरातली शाळा-कॉलेजातली पोरे हल्ली मोबाईलवर परदेशी मालिका पाहतात. जादूची अंगठी, राक्षस, टोकदार कानांची माणसे. आईबापांना त्यातले ओ की ठो कळत नाही. आपण म्हणतो, पोरखेळ आहे, पाहू द्या. पण अशाच एका मालिकेवरून २०२२ साली इंग्लंड-अमेरिकेत जो गदारोळ झाला, तो पोरखेळ नव्हता. म्हणून आज त्याविषयी चार शब्द.

टॉल्किन नावाचे ऑक्सफर्डचे एक प्राध्यापक होते. त्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघाली. तिच्यात टोकदार कानांचे एल्फ आहेत, डोंगर पोखरून राहणारे बुटके आहेत, अनवाणी फिरणारे छोटेखानी हॉबिट आहेत. पुढे २००१ ते २००३ या काळात तिच्यावर तीन सिनेमे आले आणि शेवटच्याने ११ ऑस्कर मिळवले. त्या गोष्टीच्या हजारो वर्षे आधी काय घडले, ते दाखवणारी 'द रिंग्ज ऑफ पॉवर' ही मालिका अ‍ॅमेझॉन कंपनीने सप्टेंबर २०२२ च्या आरंभी आणली. पहिल्याच दिवशी अडीच कोटी लोकांनी ती पाहिली, असे कंपनीने सांगितले.

आणि लगेच तक्रारींचा पाऊस पडला. त्यातल्या काही रास्त होत्या. पुस्तकात त्या युगाची वर्षे ३४४१ आहेत. मालिकेने त्यातल्या घटना थोड्याशा काळात कोंबल्या. कंपनीकडे हक्क होते ते मूळ कादंबरीचे, तिच्या परिशिष्टांचे आणि 'द हॉबिट'चे. लेखकाच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये निघालेल्या 'द सिल्मरिलियन'चे नव्हते. म्हणून पदरचे पुष्कळ घालावे लागले. कथा फार संथ चालते, असेही अनेकजण म्हणाले. आवडत्या पुस्तकाची मोडतोड झाली असे वाटले तर वाचक बोलणारच. तो त्याचा हक्क आहे.

पण दुसरी आरोळी निराळीच होती. एका एल्फचे काम पोर्तो रिकोच्या इस्माएल क्रूझ कोर्दोव्हा या सावळ्या नटाने केले. बुटक्यांची राजकन्या झाली सोफिया नोम्व्हेते ही कृष्णवर्णीय नटी. हॉबिटांच्या पूर्वजांचा म्होरक्या झाले लेनी हेन्री. त्यांचे आईबाप जमेकातून इंग्लंडात आलेले. झाले! 'एल्फ काळे कसे? बुटक्यांची राजकन्या काळी कशी?' शिवीगाळ सुरू झाली. कोर्दोव्हा यांनी सांगितले की, मालिका दिसण्याच्या कितीतरी आधीपासून, जवळजवळ दोन वर्षे, त्यांना जवळपास रोज द्वेषाचे संदेश येत होते. लहानपणी त्यांना एल्फ व्हायचे होते, तेव्हाही लोक म्हणत, एल्फ तुझ्यासारखे दिसत नाहीत.

काय नवल आहे पाहा! चालणारी-बोलणारी झाडे यांना पटतात. आग ओकणारा अजगर पटतो. सावळा माणूस मात्र पटत नाही! बरे, पुस्तकाची तरी साक्ष काय आहे? हॉबिटांतली एक जात बाकीच्यांहून अधिक सावळ्या कातडीची होती, असे खुद्द टॉल्किननेच कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. लेनी हेन्री यांनी केले ते त्याच जातीतल्या माणसाचे काम. पुस्तकाच्या नावाने भांडणाऱ्यांनी पुस्तकाची पहिली पानेही नीट वाचली नव्हती म्हणायची.

ही गोष्ट २०२२ मध्येच सुरू झाली असेही नाही. २०१० मध्ये न्यूझीलंडात 'द हॉबिट' सिनेमासाठी गर्दीतली माणसे निवडत होते. पाकिस्तानी वंशाची एक ब्रिटिश बाई रांगेत उभी राहिली. कातडी गोरी नाही म्हणून तिला परत पाठवले. बोभाटा झाल्यावर निवड करणाऱ्याला कामावरून काढले.

आता लेखकाचीच एक हकीकत ऐका. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशकाला 'द हॉबिट'चे भाषांतर काढायचे होते. हिटलरचे राज्य होते. त्याने विचारले, आपण आर्य वंशाचे आहात काय? टॉल्किन संतापले. उत्तराच्या मसुद्यात त्यांनी सुनावले की, आर्य म्हणजे भारत-इराणकडचे; माझ्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी की फारसी बोलत असल्याचे मला ठाऊक नाही. आणि मी ज्यू आहे का, असे विचारायचे असेल, तर त्या गुणी लोकांत माझे पूर्वज नाहीत याचा मला खेदच आहे. 'आर्य' या शब्दाने आपल्याकडे काय काय केले, ते या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

गदारोळ वाढला तेव्हा मालिकेतल्या कलाकारांनी एकत्र पत्रक काढून निषेध केला. जुन्या सिनेमांत हॉबिट झालेले चार गोरे नटही पुढे आले. निरनिराळ्या रंगांचे कान आणि 'इथे सर्वांचे स्वागत आहे' अशा अर्थाचा एल्फांच्या लिपीतला मजकूर असलेले कपडे घालून त्यांनी फोटो काढले. ज्यांना आधीच जागा मिळाली आहे, त्यांनी सरकून दुसऱ्याला बसवले, तर भांडण निम्मे होते.

मग आपण घरी काय करावे? मालिका बंद करू नका. पोरांबरोबर बसा आणि विचारा. 'आवडली नाही' म्हणाली तर विचारा, का नाही आवडली? कथा रटाळ आहे, संवाद पोकळ आहेत, असे म्हणाली तर शाबास म्हणा. पण त्या नटाचा रंग बदलला असता तर तक्रार मिटली असती का, हेही विचारा. मिटली असती, तर ती तक्रार गोष्टीबद्दल नव्हती.

आणि हे साता समुद्रापलीकडचे आहे असे समजू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनात राजा कोणाला करतात आणि राक्षस कोणाला, जरा पाहा. पुढच्या वेळी आपली सावळी पोर परी व्हायचे म्हणाली, तर तिची समजूत घालत बसू नका. तिला पंख शिवून द्या आणि बाईंना जाऊन भेटा.