दंडाची पावती आणि अपंगांचा हक्क

रस्त्यावर वाहन उभे केल्याबद्दल झालेला दंड ही एरवी वृत्तपत्राच्या कोपऱ्यातही जागा न मिळणारी बाब होय. परंतु दंड झालेली व्यक्ती अपंग असेल, आणि ते वाहन कचेरीच्या दाराशी उभे केल्यावाचून तिला कचेरीत पोहोचणेच अशक्य असेल, तर त्या पावतीचा अर्थ पालटतो. मग प्रश्न उरतो तो असा की, हा दंड नियमभंगाचा की अपंगत्वाचा?

कोलकात्यातील बिनय-बादल-दिनेश बागेचा परिसर घ्या. सरकारी कचेऱ्या आणि बँका येथे खेटून उभ्या आहेत. अपंगांच्या वाहनासाठी दारापासून ३० मीटरच्या आत, ३.६ मीटर रुंदीची राखीव जागा असावी, असा दंडक सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत आहे. चाकाची खुर्ची बाहेर काढून तीत बसता यावे, एवढ्यासाठी ही रुंदी. जेथे अशी जागा आखलेलीच नसते, तेथे काचेवर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह लावलेले वाहन आणि कोणा धनिकाची मोटार यांत पोलीस शिपायाला फरक करता येत नाही. त्याला दोष देऊनही उपयोग नाही; त्या चिन्हामागे देशभर लागू असलेल्या एकसमान परवान्याचे पाठबळच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी अनुकूल केलेल्या वाहनाची व्याख्या आली. ते वाहन उभे कोठे करावे, हे मात्र त्या व्याख्येने सांगितले नाही.

दंड झाल्यावर मार्ग दोन. कलम २०० अन्वये रक्कम भरून तडजोड करावी, म्हणजे प्रकरण मिटते. पण त्याबरोबर तक्रारीचे तोंडही बंद होते. नाहीतर रक्कम भरण्यास नकार देऊन दंडाधिकाऱ्यापुढे बाजू मांडावी. दुसरा मार्ग न्यायाचा खरा. परंतु तो न्यायालयाच्या पायऱ्या चढून जातो. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून दंड झाला, त्यालाच दाद मागण्यासाठी पायऱ्या चढाव्या लागतात! काही शे रुपयांसाठी दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. बहुतेक जण मुकाट्याने पैसे भरतात, आणि नोकरशाही त्या मौनालाच गुन्ह्याची कबुली समजते.

कायदा नाही, असे नाही. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याचे कलम ४१ बसथांबे, रेल्वे स्थानके व विमानतळ येथे वाहनतळाची सोय सुगम करण्याचे बंधन सरकारवर टाकते. कलम ३ भेदभावास मनाई करते. पण कायद्याखाली केलेल्या २०१७ च्या नियमांनी सुगमतेचे निकष केवळ शिफारशीच्या पातळीवर ठेवले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश दिला. संसदेने एका हाताने दिलेला हक्क सरकारने दुसऱ्या हाताने ऐच्छिक केला होता, हाच त्या निकालाचा अर्थ.

दाद मागितल्यास काय होते, हेही कोलकात्यानेच दाखवले आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष गोव्यातील एका परिषदेसाठी निघाल्या असता, विमानात बसल्यानंतर त्यांना स्पाइसजेटच्या कर्मचाऱ्यांनी खाली उतरवले. परिषद हुकली. मुंबईच्या 'अडॅप्ट' संस्थेसह त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला. विजय मोठा होता. परंतु सुशिक्षित, संघटित आणि संस्थेचे पाठबळ लाभलेल्या स्त्रीलाही त्यासाठी चार वर्षे लागली. एकाकी माणसाने किती वर्षे मोजावीत?

काही साथी म्हणतील, मोटार बाळगणाऱ्यांचा हा प्रश्न. कष्टकऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? हा आक्षेप वरवरचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली; त्यांपैकी पश्चिम बंगालमध्ये २० लाखांहून अधिक, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहतात आणि जेमतेम ३६ टक्क्यांना काम आहे. यांतील फारच थोड्यांजवळ मोटार असेल. परंतु हाताने चालवायची तीनचाकी सायकल किंवा बाजूला चाके जोडलेली स्कूटर हेच कित्येकांचे पाय आहेत, आणि तीच पोटापाण्याचे साधन आहे. ती उचलून नेणे म्हणजे कामगाराच्या हातातील अवजार हिसकावणे होय. शिवाय ज्या व्यवस्थेत रस्त्याची जागा पैशाने विकत घ्यायची वस्तू बनते, तेथे ज्याच्या श्रमातून नफा निघत नाही त्याची गैरसोय हिशेबात धरलीच जात नाही.

ब्रिटनमध्ये १९७० च्या कायद्याने अपंगांच्या वाहनांसाठी बिल्ल्याची योजना आणली आणि १९७१ मध्ये ती सुरू झाली. भारतात सत्ताधाऱ्यांनी नाव बदलण्यावर भागवले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. अपंगांच्या अनेक संघटनांनी त्यास आक्षेप घेतला, तो योग्यच होता. देवत्व बहाल केल्याने उतरंड बांधली जात नाही, की राखीव जागा आखली जात नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: देशभर चालणारा एकच परवाना, प्रत्येक सार्वजनिक इमारतीपाशी आखलेली राखीव जागा, जेथे ती नाही तेथे परवानाधारकावर दंड नाही, आणि घरबसल्या, विनामूल्य दाद मागण्याची सोय. तोवर हाती आहे ते हत्यार वापरले पाहिजे. राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांची शिफारस नाकारायची असल्यास संबंधित अधिकाऱ्याला तीन महिन्यांत कारणे कळवावी लागतात. शाखांनी व कामगार संघटनांनी आपापल्या भागातील अशा पावत्या गोळा कराव्यात आणि तक्रारी एकत्रितपणे दाखल कराव्यात. सुटी पावती कचऱ्याच्या टोपलीत जाते. शंभर पावत्यांचा गठ्ठा अधिकाऱ्याच्या मेजावर ठेवला, की त्याला उत्तर द्यावेच लागते.