दह्याला दोष देऊ नका, गोठ्यातील औषधाचा हिशेब मागा

दही लावणारे जिवाणू आपल्या उपयोगाचे आहेत, यात शंका नाही. पण जिवाणूंच्या जगात उपयोगी आणि अपायकारक यांच्यामध्ये भिंत नाही. ते एकमेकांना गुण देतात आणि घेतात.

मुख्य गुणसूत्राशिवाय अनेक जिवाणूंजवळ डीएनएची लहानशी कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की या कडीचा एक धागा दुसऱ्यात जातो आणि दोघेही आपापला जोडधागा तयार करून घेतात. देणाऱ्याचे काही कमी होत नाही, घेणाऱ्याला मात्र नवा गुण मिळतो. यालाच संयुग्मन म्हणतात. लॅक्टोकोकस लॅक्टिस या दूध आंबवणाऱ्या जिवाणूत दुधातील साखर वापरण्याची जनुके बहुधा अशाच कडीवर असतात. ती हरवली तर दूध नीट आंबत नाही.

याच वाटेने औषधाला दाद न देण्याचा गुणही येऊ शकतो. १९९७ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी कच्च्या दुधाच्या चीजमधील लॅक्टोकोकसच्या एका प्लाझ्मिडवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल या तिन्ही औषधांना निष्प्रभ करणारी जनुके सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील काही रोगजंतूंतील जनुकांशी जुळणारी होती.

म्हणून दही-ताक सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दूध उकळून घ्या, विरजण स्वच्छ ठेवा, एवढे घरात पुरेसे आहे. परंतु उकळण्याने जिवाणू मरतात, औषधाचा अंश मात्र बहुतेक वेळा तसाच राहतो. त्यामुळे खरी जबाबदारी गृहिणीची नाही. कासदाह झालेल्या म्हशीला पशुवैद्याला न विचारता इंजेक्शन देणे आणि औषधाची मुदत संपण्याआधीच तिचे दूध विकणे थांबले पाहिजे. दूध संकलन केंद्रांवर औषधाच्या अंशाची तपासणी नियमित झाली पाहिजे. विरजण-कल्चर विकणाऱ्यांनी त्यातील जिवाणूंत असे हस्तांतरित होणारे गुण नाहीत, हे तपासून सांगितले पाहिजे.

साधे औषध लागू पडले नाही की महागडे औषध घ्यावे लागते, दवाखान्यातील दिवस वाढतात आणि तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. हा भार हातावर पोट असणाऱ्या कुटुंबावर सर्वांत आधी पडतो. म्हणून ही मागणी आपण आपल्या ग्रामसभेत आणि दूध सोसायटीच्या बैठकीत मांडली पाहिजे, असे आमचे मत आहे.