रोप विकले, पुढे काय?



मृगाचा पाऊस झाला की घाटनांदूरच्या रस्त्याला रोपांचे टेम्पो येऊन उभे राहतात. केशर आंबा, सीताफळ, कागदी लिंबू, पेरू, दारापुढे लावायला मोगरा नि जास्वंद. ओल्या मातीचा वास आला की माणसाचा हातही सैल सुटतो, दहा-वीस रोपे घरी येतात. आणि पुढच्या मृगाला बघावे, तर त्याच खड्ड्यात पुन्हा नवे रोप!

यात शेतकऱ्याचा आळस आहे असे म्हणणारे म्हणोत. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात, ती पट्टा पडल्यावर परततात. घरी म्हातारी माणसे नि लहान लेकरे. ज्येष्ठात लावलेल्या रोपाला माघ-फाल्गुनातही पाणी लागते, आणि तेव्हा घागर उचलणारा माणूस घरी नसतो. म्हाताऱ्या आईने प्यायचे पाणी दोन फर्लांगांवरून आणायचे की झाडाला घालायचे?

म्हणून आमचे म्हणणे असे, की रोपवाटिकेने नुसते रोप विकू नये, हंगामाप्रमाणे सल्लाही द्यावा, आणि हे काम आपल्या कारखान्याने हाती घ्यावे. संचालक मंडळातली काही मंडळी म्हणतील, कारखाना साखर करायला काढला, मोगरा विकायला नाही. खरे आहे. पण उसाच्या बाबतीत आपण काय करतो? बेणे कोणते, लागण आडसाली की सुरू, खत कधी, सगळे सांगतो. चिटबॉय फडात फिरतो, नोंद घेतो. तोच माणूस बांधावरची चार झाडे मोजून आला तर त्याचे पाय काही झिजणार नाहीत.

२०१८ साली सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान एकदम हातात द्यायचे नाही असे ठरले. ५०, ३० आणि २० टक्के असे तीन वर्षांत द्यायचे, तेही झाडे जगलेली बघून. सरकारलासुद्धा कळले, की लावणे वेगळे नि जगवणे वेगळे. रोप विकणारा मात्र पहिल्या दिवशीच पुरे पैसे घेऊन मोकळा होतो.

आमचीच गोष्ट सांगतो. एका ठिकाणाहून केशरची तीस कलमे आणली. पावती घेतली नाही, ही आमची चूक. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवायचा आणि सांध्याखालची फूट येईल तशी खुडायची, हे कुणी सांगितलेच नाही. उन्हाळ्यात वरचे कलम वाळले, खालून फूट आली, आम्ही म्हटले वा, झाड फुटले! सातव्या वर्षी आंबे लागले, ते गावठी, आंबट ढोण. लोणच्याला चालले, एवढेच. दोन मिनिटांचे बोलणे, पण आमची सात वर्षे गेली.

कोणते झाड कुणाला द्यायचे, हेही सांगायला हवे. आपले बालाघाटाचे मुरमाड रान सीताफळाला मानवते. हे झाड उन्हाळ्यात पाने गाळून स्वस्थ बसते, पावसाबरोबर फुटते आणि फळ बहुतेक दिवाळीच्या आगेमागे हाती येते. मोठे झाल्यावर घरी माणूस नसला तरी त्याचे अडत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, सीताफळाचे संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे, आणि आपण टेम्पोवाल्याकडून कुठलेही रोप घेतो! लिंबू नि पेरू मात्र ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकते त्यानेच लावावे. कोयत्यावर जाणाऱ्याला विकू नयेत, त्याने मागितले तरी.

पहिले दोन उन्हाळे अवघड. तिथे बुंध्यापासून हातभर अंतरावर गळके मडके पुरावे, तळाच्या भोकात चिंधीची वात, तोंडावर झाकण. मडके भरले की पाणी झिरपत राहते, रोज घागर लागत नाही. आळ्यात उसाचे पाचट वीतभर अंथरावे. पाचट आपल्याकडे पेटवून देतात, त्याचा हा उपयोग. वाळवी लागते अशी तक्रार असते; बुंध्यापासून थोडे दूर ठेवले की त्रास कमी होतो.

सबब आमची मागणी थोडकी आहे. कारखान्याच्या गट कार्यालयाने परवानाधारक किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून कलमे आणावीत, जातीचे नाव लिहून पावती द्यावी आणि टोळ्या निघण्याआधी एकदा झाडे बघावीत. जे कुटुंब बाहेर जाणार, त्याच्या झाडांना आठवड्याला एकदा मडके भरून देणारा गावातलाच माणूस नेमावा, आणि त्याची मजुरी जगलेल्या झाडावर ठरवावी. मजुरीचा खर्च कोण उचलणार हा प्रश्न उरतो. निम्मा सभासदाने, निम्मा कारखान्याने, असे आम्ही सुचवतो. कुणाला याहून बरी वाटणी सुचत असेल तर येत्या वार्षिक सभेत उभे राहून सांगावी.