खड्डा दिसतो, हेल्मेट का दिसत नाही?

चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्यावरून पावसाळ्यात दुचाकीने जाणाऱ्यांना खड्ड्यांबद्दल मी काय सांगणार? प्रशासनाला जाब विचाराच. पण मला तुम्हालाही विचारायचे आहे: तुमचे हेल्मेट आरशाला का लटकलेले असते?

‘इथे जवळच तर जायचंय’ हे उत्तर नको. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत खड्डा आलेला असतो. मागे एका बाजूला पाय सोडून, छत्री उघडून बसलेली आई एका धक्क्यात डोक्यावर पडू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. आपण मात्र ते पोलिसांसाठी घालतो!

आणि पडलेला माणूस उठून बोलू लागला म्हणजे वाचला, असे समजू नका. कवटीच्या आत रक्तस्राव सावकाश वाढू शकतो. वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर लगेच सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.

खड्डा बुजवणे सरकारचे काम. हेल्मेटचा पट्टा बांधणे तुमचे. खड्डा बुजेपर्यंत डोके शाबूत ठेवा.