निरोगी स्त्रीने तपासून का घ्यावे?

स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी स्त्रियांनी काहीही होत नसताना तपासून घ्यावे, ही सूचना करमाळा तालुक्यातील केममध्ये मांडा किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत मांडा, तिला उघड विरोध सहसा कोणी करीत नाही. विरोध होतो तो पदर तोंडाला लावून हसण्याने, विषय बदलण्याने आणि फारच आग्रह धरला तर ‘मला काय धाड भरली आहे?’ या एका प्रश्नाने. उघड विरोधाचे खंडन सोपे असते. हा मुका विरोध मात्र घराघरांत मुरलेला असतो. त्याच्यामागे दडलेले युक्तिवाद एकदा दप्तरी दाखल करून घ्यावेत आणि त्यांची उलटतपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिला युक्तिवाद असा की, दुखत नाही त्याला दवाखाना कशाला? जेथे दुखणे अंगावर काढणे हाच स्त्रीच्या सोशिकपणाचा दाखला मानला जातो, तेथे न दुखणाऱ्या गोष्टीची दाद कोण घेणार? परंतु या दोन रोगांपुरता हा युक्तिवाद मुळातच उलटा आहे. स्तनातील आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणे हेच तिचे कपट होय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ पॅपिलोमा नावाच्या विषाणूत आहे, हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञास २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरात टिकून राहिला तरी त्यापासून कर्करोग प्रकट होण्यास सामान्यतः पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि या अवधीत पेशींत होणारे बदल तपासणीत सापडले तर लहानशा उपचाराने नाहीसे करता येतात. इतकी मुदत कोणताही सावकार देत नाही. अवेळी रक्तस्राव, पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसू लागलेला डाग, अंगावरून जाणारे दुर्गंधीयुक्त पाणी ही लक्षणे जेव्हा घरात बोलली जाऊ लागतात, तेव्हा ती मुदत बहुतेक संपलेली असते.

दुसरा युक्तिवाद म्हणजे, ही सारी शहरातल्या सुखवस्तू बायांची थेरे आहेत. ज्यांना असे वाटते त्यांनी केमच्या स्थानकावर गाडीत बसावे, कुर्डुवाडीस उतरावे आणि तेथून बार्शी गाठावी. त्या बार्शीत डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेले नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे, आणि ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तेथेच सुरू झाली. पुढे या रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा रुग्णालयाने आणि फ्रान्समधील लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात जो प्रयोग केला, त्याची बरोबरी करणारे प्रयोग जगात थोडे आहेत. खेड्यांचे ५२ समूह केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत आल्या. तीन गटांना तीन निरनिराळ्या पद्धतींची तपासणी देऊ केली आणि चौथ्या गटास रोगाची व तपासणीची केवळ माहिती दिली. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा विषाणूची तपासणी देऊ केलेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झालेले आढळले, आणि तपासणी न दिलेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि साऱ्या जगाने तो प्रमाण मानला.

या प्रयोगावर नीतीच्या दृष्टीने आक्षेप घेतले गेले. तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत सिद्ध झालेला असता चौथ्या गटास तपासणीविना ठेवावे काय, हा त्यांचा आशय होता आणि तो मला पोकळ वाटत नाही. पण त्यातून निघणारे कर्तव्य कोणते? ज्या पुराव्याची किंमत आपल्याच शिवेपलीकडच्या बायकांनी जीव देऊन भरली, तो पुरावा जगाने वापरावा आणि आपण मात्र ‘हे आपल्याकडचे नव्हे’ म्हणून बाजूस सारावा, याला कृतघ्नपणाखेरीज दुसरे नाव नाही.

तिसरा युक्तिवाद कोणी मोठ्याने उच्चारीत नाही: गर्भाशयमुखाचा कर्करोग संबंधातून येतो, मग तपासणीला जाणारीच्या चारित्र्याविषयी लोक काय म्हणतील? वस्तुतः हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की एकनिष्ठ संसार करणाऱ्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो केव्हा ना केव्हा येऊन जातो आणि बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावूनही लावते. त्यावरून चारित्र्याचा निवाडा करणे म्हणजे पडशावरून कुळाची परीक्षा करणे होय. केमचे कुंकू महाराष्ट्रातील देवघरांत आणि देवळांत पोहोचते. सौभाग्याची काळजी वाहणाऱ्या या आपल्या समाजाने सौभाग्यवतीच्या देहाचीही थोडी काळजी वाहिली, तर धर्म बुडणार नाही.

चौथा युक्तिवाद सर्वांत घातक, कारण तो शहाणपणाचा वेष घेऊन येतो: ‘पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटली.’ बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची शासनाने २०१९ साली पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली; आणि पांढरे जाण्यासारख्या साध्या तक्रारीवर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून आपल्याला शस्त्रक्रियेस तयार केले, असे त्यांतील अनेकींनी सांगितले. कर्करोगाचे भय आपल्या खेड्यांत भरपूर आहे. तुटवडा आहे तो ज्ञानाचा, आणि तुटवड्याच्या जागी बाजार भरतोच. जिला आपल्या गर्भाशयमुखाची तपासणी होऊन ते निर्दोष आहे हे ठाऊक आहे, तिला असे भय विकता येत नाही. तपासणी ही शस्त्रक्रियेची पहिली पायरी नसून अनावश्यक शस्त्रक्रियेविरुद्धचा मनाईहुकूम आहे.

आता विद्वानांचा आक्षेप. ते म्हणतात, तपासण्यांची शिबिरे पुष्कळ होतात, त्यांतून निष्पन्न काय होते? येथे मात्र प्रतिपक्षाचे अर्धे म्हणणे मान्य केले पाहिजे. ज्या तपासणीत गर्भाशयमुखावर सौम्य आम्ल लावून ते डोळ्यांनी पाहतात, ती उस्मानाबादेत एकदाच केली तेव्हा मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. तीच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच सेविकांनी नुसत्या हातांनी केलेल्या स्तनतपासणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला: रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, तरुण स्त्रियांत तशी घट दिसली नाही, हेही सांगितलेच पाहिजे. तेव्हा दोष तपासणीचा नसून एकदाच मांडव घालून, फीत कापून, छायाचित्र काढून मोकळे होण्याच्या वृत्तीचा आहे. आणि मुंबईच्या प्रयोगाला महागडे यंत्र लागले नाही. लागल्या त्या शिकवलेल्या बायका आणि पुन्हापुन्हा त्याच दारी जाण्याची चिकाटी.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील, पुण्यात तयार झालेली प्रतिबंधक लस २०२३ पासून मिळू लागली आहे आणि ती मुलींना अवश्य द्यावी. पण ती मुलींचे भविष्य राखील, त्यांच्या आयांना तपासणीवाचून गत्यंतर नाही. शासनाचे नियमही तयार आहेत: ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची या दोन्ही रोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, आशा सेविकेने घरोघर माहिती भरून घ्यावी, आरोग्य केंद्राने पुढची तजवीज करावी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती, आणि स्तनाची तर एकीचीही धड नाही. नियम कागदावर आणि रोग देहात, अशी ही वाटणी झाली आहे.

म्हणून केमच्या आणि केमसारख्या प्रत्येक गावच्या स्त्रियांना माझे सांगणे एवढेच की, शिबिराची वाट पाहू नका. आशाताईंना आपले वय सांगा, तपासणीचा दिवस मागून घ्या, तपासणारी स्त्री असावी असा हट्ट धरा, आणि कागदावर संशय लिहून आला तर बार्शीची वाट धरण्यास आठवडाही लावू नका. गावातील ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची यादी आणि प्रत्येकीच्या मागील तपासणीची तारीख आरोग्य केंद्राच्या दप्तरात नसेल, तर येत्या ग्रामसभेत तसा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.